घरी बिअर आणि वाइन: कृती नंतर विचारा, आधी तापमान सांगा

मंदआच

अकरा वर्षं झाली, मी घरी बिअर करतो. वाइन त्यानंतर सुरू केली, तिलाही सात वर्षं होतील. इथे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी "सोपी कृती द्या" म्हणून धागा काढतं आणि खाली भराभर कृती येतात. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कोणते, किती मिनिटं उकळायचं. कृती चुकीच्या नसतात, तरी पहिली खेप मोरीत ओतावी लागलेले बरेच जण मला माहीत आहेत. भांडं कुठे ठेवलं होतं आणि तिथे किती अंश तापमान होतं, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून हा वेगळा धागा.

माझंच सांगतो. पहिली खेप २० लिटरची होती. भांडं माळ्यावर ठेवलं, छपराखाली. खोलीत २८ अंश. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची झडप) इतका फडफडत होता की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. तीन दिवसांत सगळं शांत. बाटल्या भरल्या, दोन आठवडे थांबलो, उघडली तर नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. एक ग्लास प्यायलो आणि सकाळी डोकं जड. मला वाटलं माल्ट खराब निघालं. दुसऱ्या वेळी माल्ट बदललं, हॉप्स बदलले, चव तीच. तिसऱ्या खेपेला पहिलीच कृती पुन्हा केली, फक्त भांडं पाण्याच्या टबात ठेवलं आणि त्यात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सोडत गेलो. १९ अंश. ती बिअर मी आजही विसरलेलो नाही.

कारण साधं आहे. बिअर आपण करतच नाही. आपण गोड पाणी करतो, बिअर यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) करतं. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी ते शेकडो इतर संयुगंही बनवतं आणि चव त्यांची असते. ऊब जास्त झाली की यीस्ट घाईने वाढतं आणि जड अल्कोहोलं भरपूर तयार करतं, तोच तो घसा जाळणारा, थिनरसारखा वास. नेहमीच्या एल (उबेत आंबणारी बिअर) यीस्टला १८ ते २१ अंश मानवतात, लागर (थंडाव्यात आंबणारी बिअर) यीस्टला ८ ते १२. शिवाय आंबताना स्वतःची उष्णता तयार होते. खोली २२ अंश असेल तर ऐन भरात भांड्याच्या आत २५-२६ अंश असू शकतात. तापमापी भिंतीला लावून उपयोग नाही, भांड्याच्या अंगाला चिकटवा आणि वरून कापडाची घडी बांधा.

सगळ्यात नाजूक असतात पहिले तीन दिवस. वास बिघडायचा तो तेव्हाच बिघडतो. त्यानंतर दोन अंश वर गेलं तरी बिघडत नाही, उलट शेवटी थोडी ऊब दिलेली चांगली. लोण्यासारखा वास असलेलं डायअॅसिटिल यीस्ट त्या उबेत परत शोषून घेतं.

माणसाने हजारो वर्षं बिअर केली ती यीस्ट म्हणजे काय हे माहीत नसताना. बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचं फर्मान निघालं, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलं आहे. यीस्टचा उल्लेख नाही, कारण हे काम कुणीतरी जिवंत करतंय हे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरपर्यंत नीट सिद्धच झालं नव्हतं. मग १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं, आणि ते वाण दुसऱ्या बिअर करणाऱ्यांनाही दिलं गेलं. आज आपण ११ ग्रॅमचं पाकीट कापतो आणि २० लिटरवर भुरभुरतो, त्याची मुळं तिथे आहेत. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

ज्यांच्याकडे गारवा करणं शक्यच नाही त्यांनी क्वाइक यीस्ट वापरून पाहावं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही वाणं आहेत. ३५ अंशांवरही ती स्वच्छ चव देतात आणि काही दिवसांत काम उरकतात.

बाकीची कृती थोडक्यात. नवख्या माणसाने माल्टच्या अर्कापासून सुरुवात करावी. अर्क पाण्यात विरघळवा, हॉप्स घालून तासभर उकळा, लवकरात लवकर २० अंशांपर्यंत थंड करा, स्वच्छ भांड्यात ओतून खूप हलवा (यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो), यीस्ट घाला, झाकण, एअरलॉक, आणि दोन आठवडे हात लावू नका. भरडलेल्या धान्यापासून करायची तर कापडी पिशवीत घालून ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. ६२-६३ला ठेवलं तर बिअर कोरडी होते, ७०कडे नेलं तर भरदार आणि गोडसर. इथेही पुन्हा तापमानच.

उकळून झाल्यावर जे जे बिअरला लागणार ते ते निर्जंतुक हवं. झाकण, नळी, चमचा, तापमापी, आपले हात. आधी घासून साफ करायचं, मग निर्जंतुक करायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. चिकटलेल्या मळावर औषध मारून काही होत नाही.

आणि आपण राहतो तिथला कायदा आधी वाचा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेत केंद्रीय कायदा १९७८ मध्ये बदलला, पण सगळीकडे तशी मोकळीक नाही.

अडचणी विचारा. विचारताना तापमान आणि हायड्रोमीटरचं (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी नळी) वाचन जरूर द्या.

---

रानपाखरू

वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्या भांड्याचा एअरलॉक चौथ्या दिवशीच थांबला. म्हणजे झालं ना आंबून?

---

मंदआच

नाही. बुडबुड्यांवर कधीही विश्वास ठेवू नका. झाकण किंचित सैल असलं की वायू बाजूने निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट आंबणं संपल्यावर खोली तापली तर विरघळलेला वायू बाहेर येतो आणि एअरलॉक पुन्हा बोलू लागतो. हायड्रोमीटर घ्या. आज एक वाचन, तीन दिवसांनी दुसरं. दोन्ही तंतोतंत सारखी आणि अपेक्षेच्या जवळ असतील तर झालं. सुरुवातीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०११ असेल तर फरक ०.०३७. त्याला १३१ ने गुणा, साधारण ४.८ टक्के अल्कोहोल.

---

द्राक्षवेल

लेख आवडला, पण वाइनच्या बाबतीत मी वेगळं म्हणेन. बिअरमध्ये तुम्ही गोड पाणी स्वतः करता, त्यामुळे ते तुमच्या हातात असतं. वाइनमध्ये रस जसा येईल तसा. तिथे पहिलं काम आम्लता बघण्याचं. गेली दहा वर्षं द्राक्षांची आणि इतर फळांची वाइन करते आहे. माझ्या बिघडलेल्या वाइन्सपैकी जवळजवळ सगळ्या आम्लतेने बिघडल्या, उष्णतेने एकच.

पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ३.२ ते ३.६ च्या दरम्यान हवा. ३.८ च्या वर गेला की वाइन मऊ, बुळबुळीत लागते, रंग मंद होतो आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. सल्फाइटही (जंतू रोखायला घालतात ती पूड) तिथे फार कमी काम करतं, त्यामुळे जास्त घालावं लागतं. अशा वेळी आंबवण्याआधीच टार्टारिक आम्ल घालून पीएच खाली आणायचा. एका लिटरला १ ग्रॅमने सुरुवात करायची, ढवळायचं, मोजायचं, चाखायचं. नंतर घातलं तर ते वेगळं जाणवतं, चवीत मिसळत नाही. (पीएचची मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेनने १९०९ साली मांडली, आणि तीही त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांनी वाइनवाल्यांवर केलेले उपकार म्हणायचे.)

दुसरी गोष्ट साखर. एका लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेने १ टक्का अल्कोहोल येतं. घनता १.०९० असेल तर सव्वाबारा-साडेबारा टक्के. फळांचा रस १.०५० वर आंबवून वाइन म्हणून मुरवत ठेवणारे लोक मी पाहिलेत. एवढ्या अल्कोहोलवर ती टिकत नाही. वर्षभराने उघडतात तेव्हा निम्मा शिरका झालेला असतो.

तिसरी गोष्ट, आंबणं संपल्यावर भांडं तोंडापर्यंत भरलेलं हवं. वर चार बोटं रिकामी जागा राहिली की त्या हवेवर अॅसिटोबॅक्टर, म्हणजे शिरका करणारा जिवाणू, जगतो. साक्यावरून (तळाला बसलेल्या गाळावरून) वाइन निथळून घेतली की प्रमाण कमी होतं, तेव्हा लहान भांडं घ्या किंवा त्याच जातीच्या वाइनने भरा. मी काचेच्या लहान-मोठ्या सहा बाटल्या केवळ यासाठी ठेवल्या आहेत.

---

मंदआच

द्राक्षवेल ताई, पटलं. लेखात मी वाइनला बिअरच्या मापाने मोजलं. आम्लतेबद्दल तुमचं ऐकायला हवं, आणि माझी एक पांढरी वाइन बेचव का झाली हे आत्ता वाचताना कळलं. पीएच मोजलाच नव्हता.

तापमानाचं मात्र सोडत नाही. पांढरी वाइन १४-१६ अंशांवर आंबवलेली आणि २५ वर आंबवलेली, एकाच रसाच्या करून पाहा. दुसरीत फळाचा वास वायूबरोबर उडून गेलेला असतो.

---

द्राक्षवेल

पांढरीला मान्य. लालला २५-२८ अंश हवेच, नाहीतर सालीतला रंग आणि तुरटपणा नीट उतरत नाही. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायला विसरू नका. थर कोरडा पडला की वास बिघडलाच.

---

पहिलीखेप

माझी नावाप्रमाणे पहिलीच खेप, आणि अडकली आहे. माल्ट अर्क, २० लिटर, कोरडं एल यीस्ट, भांड्याच्या अंगाला १९ अंश. सुरुवातीची घनता १.०४८. आज बारावा दिवस, १.०२५. तीन दिवसांपूर्वीही १.०२५. चव घेतली तर फारशी गोड नाही. काय करू? बाटल्या धुऊन तयार आहेत, भरून टाकू का?

---

तांब्याचीकढई

भरू नका! हात जोडून सांगतो, भरू नका.

माझी पहिल्या वर्षीची गोष्ट. १.०२० वर थांबलंय असं समजून बाटल्या भरल्या, वर नेहमीची साखरही घातली. अकराव्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास पहिली फुटली. आम्हाला वाटलं खिडकीची काच फुटली. दार उघडतोय तोवर दुसरी. काचेचा तुकडा समोरच्या दाराच्या लाकडात घुसलेला सकाळी पाहिला. कुणी त्या खोलीत झोपलं असतं तर? मी त्यानंतर चार महिने भांड्याला हात लावला नाही.

हिशोब असा. बाटलीतल्या नेहमीच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू विरघळलेला असतो. लिटरला ६ ग्रॅम साखर घातली की तेवढा होतो. पण घनता बाटलीत नुसती ०.००२ ने उतरली तरी आणखी एक पट वायू तयार होतो. तुमची ०.०१२ ने उतरली तर सहा पट जास्त. साधी बाटली ते सहन करत नाही.

भांडं २१-२२ अंशांवर आणा, गोल फिरवून साका हलका वर येऊ द्या (झाकण उघडू नका, हवा मिसळू नका) आणि पाच दिवस थांबा. नाही उतरलं तर ताजं यीस्ट थोड्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) आधी चेतवून मग घाला. विरजण चांगलं लागलं तरच पुढचं होतं.

---

उंबरठा

नवऱ्याला हा छंद लागलाय, मी वाचक आहे. मला सरळ विचारायचंय, यातून मिथेनॉल होऊन माणूस आंधळा होतो म्हणतात ते खरं का? आणि भांडं आमच्या झोपण्याच्या खोलीत आहे, त्याचं काही?

---

द्राक्षवेल

ताई, विचारलंत ते बरं केलंत. नुसत्या आंबवण्यातून तयार होणारं मिथेनॉल फार थोडं असतं. ते यीस्ट साखरेपासून बनवत नाही, फळांमधल्या पेक्टिनपासून (जॅम घट्ट करणारं द्रव्य) सुटतं. बिअरमध्ये तर जवळजवळ नसतंच. विषबाधेच्या ज्या बातम्या येतात त्या बहुतेक औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या असतात. ऊर्ध्वपातन मात्र घरी करू देऊ नका. बहुतेक देशांत ते बेकायदेशीर आहे, आणि उघड्या ज्योतीजवळ अल्कोहोलची वाफ म्हणजे आग.

झोपायच्या खोलीतून भांडं आजच हलवा. ५ टक्क्यांची २० लिटर बिअर तयार होताना ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोठ्या, हवेशीर खोलीत काही होत नाही, पण दारं-खिडक्या लावून, जमिनीलगत अंथरूण टाकून झोपत असाल तर धोका नको. तो हवेपेक्षा जड असतो.

अजून एक, घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइट वापरलेली वाइन देताना सांगून द्या, आणि ती पूड हाताळताना खिडकी उघडी ठेवा. मी लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट रसात घालते आणि पूर्ण २४ तास थांबून मगच यीस्ट घालते.

---

उंबरठा

भांडं व्हरांड्याच्या आतल्या कोपऱ्यात गेलं. मनापासून आभार. तिथे उजेड येतो, चालेल ना?

---

रानपाखरू

उजेड नको! हे मला येतं म्हणून लिहितो. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास स्कंक या दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्यासारखा, नाक मुरडायला लावणारा. उन्हात तर काही मिनिटं पुरतात. जाड चादर गुंडाळा. बाटल्या तपकिरी घ्या, हिरव्या आणि पारदर्शक काचेतून तो प्रकाश आत येतो.

---

निवळशंख

पहिलीखेप, यीस्ट घालायच्या आधी एक सांगा. १.०२५ कशाने मोजलंत? तुम्ही लिहिलंय की चव फारशी गोड नाही. १.०२५ची बिअर जिभेला नक्की गोड लागते. मला वाचनाचीच शंका येते.

---

पहिलीखेप

रिफ्रॅक्टोमीटरने. दोन थेंबांत काम होतं म्हणून घेतला. सुरुवातीला १२ ब्रिक्स (साखरेचं माप) होतं, आता ६.३. तक्त्यात पाहून १.०२५ लिहिलं.

---

निवळशंख

मग तुमची खेप अडकलेली नाही. निर्धास्त राहा.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि त्यावरून साखर सांगतो. आंबण्याआधी पाण्यात विरघळलेलं बहुतेक सगळं साखरच असते, म्हणून १२ बरोबर. आता त्यात अल्कोहोल आहे, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. यंत्राला ते वेगळं ओळखता येत नाही, सगळं साखर म्हणून मोजतं. हायड्रोमीटरमध्ये उलट होतं, अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने तो खाली उतरतो. म्हणूनच कोरडी वाइन ०.९९५ दाखवते.

१२ आणि ६.३ हे दोन्ही आकडे घेऊन दुरुस्तीचं सूत्र लावलं तर घनता १.०१० च्या जवळ येते. पण केवळ सूत्रावर बाटल्या भरू नका. हायड्रोमीटर आणा, आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का बघा, मग नमुना एका ग्लासातून दुसऱ्यात ओतून त्यातला वायू घालवा (बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात) आणि मोजा. नमुना परत भांड्यात ओतू नका, पिऊन टाका.

---

तांब्याचीकढई

निवळशंख, मी यंत्र विचारलंच नाही. माझं ऐकून त्यांनी उगाच नवीन यीस्ट घातलं असतं. घाईत सल्ला दिला, चुकलं माझं. बाटल्या न भरण्याबद्दल मात्र तेच म्हणेन, खात्री होईपर्यंत थांबा.

---

पहिलीखेप

हायड्रोमीटर आणला. पाण्यात १.०००. बिअरमध्ये १.०११! फोटो काढून तीन वेळा पाहिलं. परवा पुन्हा मोजतो.

---

सांजवात

सगळ्यांचं वाचते आहे. एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाने हाच छंद घेतला होता. घरात कायम २०-३० बाटल्या. आधी शनिवारी एक, मग रोज एक, मग मोजणं संपलं. बाहेरून आणावी लागत नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. आज तो पूर्ण सोडून आहे, चार वर्षं झाली. छंदाला माझा विरोध नाही. पण ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावं.

---

मंदआच

सांजवात, लिहिलंत म्हणून आभार. भावाला माझा नमस्कार सांगा, त्यांनी अवघड काम केलं आहे.

माझी पद्धत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. दोन वर्षांपूर्वी हात तसाच सैल व्हायला लागला होता, बायकोने दाखवून दिलं. तेव्हापासून २० ऐवजी ५ लिटरच्या खेपा करतो. प्रयोग चौपट होतात, बिअर तेवढीच राहते किंवा कमी होते. वहीत खेपेची नोंद असते तशी प्यालेल्या बाटल्यांचीही ठेवतो. वाटून टाकतो. आठवड्यातले पाच दिवस काहीच नाही. आणि हे ज्याला जमत नाही असं जाणवेल त्याने भांडं देऊन टाकावं, डॉक्टरशी बोलावं. त्यात कमीपणा नाही.

---

पहिलीखेप

दुसरं वाचनही १.०११. काल बाटल्या भरल्या. ६ ग्रॅमच्या हिशोबाने साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळली, म्हणजे प्रत्येक बाटलीत सारखी जाईल. नळीचं टोक तळाशी ठेवून भरल्या, हवा मिसळू दिली नाही. खोका बंद करून अंधाऱ्या कोपऱ्यात, वर जाड चादर. आता दोन आठवडे २० अंशांवर.

---

निवळशंख

उत्तम. एखादी प्लॅस्टिकची बाटली भरली आहे का? ती दाबून बघितली की आत किती वायू झाला ते कळतं.

---

पहिलीखेप

भरली होती. पाचव्या दिवशी मऊ, नवव्या दिवशी दगडासारखी घट्ट.

आज चौदावा. काल रात्री एक बाटली फ्रीजमध्ये ठेवली होती, आत्ता उघडली. फुस्स आवाज आला, फेस काठापर्यंत येऊन थांबला. ओतताना तळाचं बोटभर मागे ठेवलं. रंग मधासारखा, जरा धूसर. वास माल्टचा, शेवटी थोडा कडवटपणा. थिनर नाही, लोणी नाही. आई कधी घेत नाही, तिनेही वास घेऊन पाहिला आणि म्हणाली, "चांगला येतोय की."

मंदआच, वहीत पहिली ओळ लिहिली आहे. १९ अंश.